रोजचीच बोळचोथ

शिळे खाऊ नये, ही आमच्या घरातली शिकवण. घर फोंडे महालातले, देवळाच्या सावलीतले, तेव्हा या शिकवणीला धर्माचा टेकूही होता. गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेल्या अन्नाला तामस म्हटले आहे, हे आजोबा जेवताना हमखास सांगत. (ते सांगत असताना आजी चुलीपाशी बसून पोळे काढत असे आणि आजोबांच्या पानात एकेक गरम पोळा पडत असे.) प्रत्यक्षात मात्र आदल्या रात्रीचे हुमण कुंडल्यात आटवून सकाळी पावाबरोबर खाण्यात जी गोडी आहे, ती ज्याने चाखली नाही तो गोंयकारच नव्हे. म्हणजे नियम होता आणि पळवाटही होती. आणि शिळे कोणी खायचे हेही ठरलेले होते. उरलेली पेज, कालची भाजी, कडक झालेली भाकरी घरातल्या बायकांच्या वाट्याला; गरम ते पुरुषांच्या पानात. हे मला तेव्हाही दिसत होते, पण खुपत नव्हते.

हे सगळे आठवायला कारण झाली माझी भाची आणि तिचे बडोदे.

धाकटी बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला तीस वर्षे होऊन गेली. बडोद्याचे मराठीपण आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गायकवाडांचे राज्य, सयाजीराव महाराज, १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन वेळा तिथे भरलेली साहित्य संमेलने. पण मला विचाराल तर या मराठीपणाचा आजचा पुरावा सकाळी आठ वाजता रस्त्यावर मिळतो आणि त्याचे नाव सेव-उसळ. सुके वाटाणे रात्रभर भिजवून शिजवायचे, वर लालभडक तरी, कांद्याची पात, मूठभर शेव आणि पाव. ऐन गुजरातेत एका पदार्थाला 'उसळ' म्हणतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. हा पदार्थ माझ्या भाचीला चालतो. तिला काय चालते आणि काय नाही याची यादी मला आता तोंडपाठ झाली आहे, कारण ती व्हीगन आहे.

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या काही सोबत्यांनी घडवला. मांसमासळी सोडलेली ही मंडळी दूध आणि अंडीही सोडून बसली होती. आपल्याला वेगळे नाव हवे म्हणून 'व्हेजिटेरियन'चे डोके आणि शेपूट जोडून त्यांनी हा शब्द केला. दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध, काहीच नाही. आपल्या 'शिवराक'मध्ये हे बसत नाही. आमचा सोमवार शिवराक, म्हणजे मासळी नाही. पण वरणावर तूप आणि शेवटी ताक हवेच. भाचीने काही वर्षांपूर्वी फोनवर ही बातमी दिली तेव्हा मी म्हणालो, "बाय, मासळी सोडलीस ते समजले. दूध कशाला? दूध काढल्याने गाय थोडीच मरते?"

ती म्हणाली, "मामा, वासराला विचारलंस?"

मी विषय बदलला.

त्यात ती राहते कुठे, तर आणंदपासून चाळीसेक किलोमीटरवर. जिथे १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला आणि पुढे त्याचे अमूल झाले, त्या मुलुखात. तिथे तूप नाकारणे म्हणजे मडगावच्या जेवणावळीत मासळी नाकारण्यासारखे. यजमानाला प्रश्न पडतो की या पाहुण्याचे आमच्याशी काय बिनसले? २०२१ साली 'पेटा' या संस्थेने अमूलला वनस्पतींपासून केलेल्या दुधाकडे वळा असे सुचवले, तेव्हा अमूलकडून उलट प्रश्न आला की मग दुधावर जगणाऱ्या कोट्यवधी शेतकऱ्यांनी काय करायचे. या प्रश्नात वजन आहे, आणि माझ्या भाचीलाही त्याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. पण आजचा माझा विषय तो नाही. आजचा विषय साधा आहे. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडणाऱ्या मुलीने दूध-तुपाशिवाय न्याहारी काय करायची, गोड काय खायचे आणि ते कधी करून ठेवायचे, एवढाच.

२०२४च्या श्रावणात मी बडोद्याला होतो. गुजरातेतला श्रावण वद्य पक्षातला आठवडा ज्याने पाहिला नाही, त्याच्यासाठी थोडे सांगतो. चतुर्थीला बोळचोथ, मग नागपंचमी (आपली शुद्धात, त्यांची वद्यात), षष्ठीला रांधण छठ, सप्तमीला शीतळा सातम आणि मग जन्माष्टमी.

बोळचोथ म्हणजे आपल्याकडे पंचांगात बहुला चतुर्थी लिहिलेली असते ती. या दिवशी गाय-वासराची पूजा होते. बायका गहू खात नाहीत. बाजरीचा रोटला आणि मूग खातात. आणि त्या दिवशी गाईचे दूध घेत नाहीत, कारण ते वासराचे असते. हे मी वाचून सांगत नाही. बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मासींनी मला त्या गुरुवारी बिनदुधाचा चहा देताना सांगितले, आणि इतक्या सहजपणे सांगितले, की त्यात वाद घालण्यासारखे काही असेल असे त्यांना वाटलेच नसावे. आपल्या वसुबारसेलाही हेच आहे. गाईचे दूध-तूप त्या दिवशी वर्ज्य, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. म्हणजे भाचीने मला फोनवर विचारलेला प्रश्न आपल्या पणज्यांनी विचारून ठेवला होता. उत्तरही देऊन ठेवले होते. फक्त वर्षातून एक दिवसापुरते.

मासी भाचीकडे बघून हसत म्हणाल्या, "तारी तो रोज बोळचोथ!" तुझी तर रोजचीच बोळचोथ.

त्या वेळी मला तो टोमणा वाटला. भाचीला तसे वाटले नाही. ती नंतर म्हणाली, "इतक्या वर्षांत मला काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगणारं पहिलं माणूस भेटलं."

शनिवारी रांधण छठ. दुसऱ्या दिवशी, सातमीला, चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी रांधलेले थंड खायचे. छठीच्या रात्री स्वयंपाक आटोपला की चूल (आता गॅसची शेगडी) स्वच्छ करून तिची पूजा करतात. रात्री शीतळामाता येऊन चुलीत लोळते, तिला गारवा मिळाला पाहिजे, अशी समजूत आहे. आपल्याकडे शिळासप्तमी श्रावण शुद्धात येते, तिची कहाणी आहे, त्या कहाणीत काकडीच्या पानावरचा दहीभात आहे. पण गोव्यात माझ्या पाहण्यात तरी ती केवळ कहाण्यांच्या पुस्तकात उरली. गुजरातेत मात्र ती घराघरात जिवंत आहे. ज्या समाजात शिळे अन्न इतके नीच मानले, त्याच समाजाने एक सण असा ठेवला की त्या दिवशी देवीलाही शिळेच. याचे मला कौतुक वाटते.

मासींच्या ओट्यावर त्या दिवशी काय नव्हते? मेथीचे थेपले, बाजरीचे वडे, तिखट पुऱ्या, गोड पुऱ्या, सुखडी, आणि देवीसाठी कुलेर, म्हणजे बाजरीचे पीठ, गूळ आणि तूप. वर तिसऱ्या मजल्यावर भाचीने आपला घाट घातला होता. ती एरवी रविवारी आठवड्याची तयारी करते, या खेपेला शनिवारीच केली. थेपल्यात दह्याऐवजी चिंचेचा कोळ घातला. सुखडी तुपाशिवाय करायचे ठरवले, आणि तिथे गाडे अडले.

सुखडी म्हणजे कणीक तुपात खमंग भाजायची, गॅस बंद करून त्यात चिरलेला गूळ विरघळवायचा आणि ताटात थापायची. दिसायला सोपी. पण ती वडीसारखी धरते ती तुपामुळे. तूप थंड झाले की घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल घट्ट होत नाही, त्यामुळे सुखडीचा भुगा होतो. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांवर वितळते. बडोद्याच्या ऑगस्टात ते पाण्यासारखेच. मग तिने गुळाचा पक्का पाक केला, तर वडी अशी झाली की माझी दाढ वाचली हे नशीब. तिसऱ्या खेपेला कणीक कमी केली, भाजलेल्या तिळाचे आणि शेंगदाण्याचे कूट त्यात घातले, पाक किंचित आधी उतरवला. कुटातले तेल सुटले आणि वडी धरली. खरे तर ती सुखडी राहिली नाही, आपल्या संक्रांतीच्या वडीची बहीण झाली. चव मात्र उत्तम.

रविवारी सकाळी मासी ताट घेऊन वर आल्या. त्यात तुपाची सुखडी होती. भाची हात जोडून म्हणाली, "मासी, हे मला नको, बाकीचं घेते." मासींचा चेहरा पडला. मातेचा प्रसाद होता तो. त्या मला बोलल्या नाहीत, बहिणीला म्हणाल्या, "बेन, घी वगरनी सुखडी ने माताजीनो प्रसाद सरखो?" तूप नसलेली सुखडी आणि देवीचा प्रसाद सारखाच का, असे. मी मासींच्या बाजूने बोललो. चार माणसांदेखत भाचीला म्हणालो, की प्रसादाचा कणभर घेतल्याने काय तुझे व्रत मोडणार आहे? ती काही बोलली नाही, आत गेली.

सोमवारी जन्माष्टमी, आणि पाऊस थांबेना. विश्वामित्री नदी शहरातून वाहते, तिच्यात मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर आला की त्या गल्ल्यांतून फिरतात. मंगळवारी, २७ ऑगस्टला, पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी पस्तीस फुटांच्याही वर गेली होती. आमचा समा भाग पाण्यात. तळमजल्यावरची माणसे सोमवारी रात्रीच वर आली होती. बहिणीच्या दोन खोल्यांत आम्ही नऊजण, त्यात मासी, त्यांचे यजमान, सून आणि नातू. वीज नाही. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. गॅस होता, पण तांदूळ धुवायचे आणि भांडी घासायची कशाने? प्यायला जे हांडे-बाटल्या भरून ठेवल्या होत्या तेवढेच पाणी. दूध येण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन दिवस आम्ही छठीचे डबे खाल्ले. थेपले चौथ्या दिवशीही चांगले होते. वडे तिसऱ्या दिवसापर्यंत. दोन्ही सुखड्या शेवटपर्यंत. भाचीने शनिवारी फ्रिजमध्ये जे रचून ठेवले होते, शिजवलेले वाटाणे, नारळाचे दूध, मणगण्याची शिजवलेली डाळ, ते मात्र मंगळवारी रात्री आंबले. आम्ही ते खिडकीतून पुरात सोडले (मगरींना चालले असेल). तिला त्याचे फार वाईट वाटले. इंटरनेटवर आठवड्याच्या तयारीचे म्हणून जे दाखवतात, एकसारखे काचेचे डबे आणि त्यांवर चिकटवलेले वार, ते सगळे विजेच्या उधारीवर उभे असते, हे मला त्या रात्री कळले. मासींना फ्रिज ठाऊक आहे, पण त्यांच्या सणाला तो ठाऊक नाही. त्यांच्या सासूच्या सासूने ठरवलेले पदार्थ आहेत ते. पाणी काढून टाका, तेल-गूळ-मीठ-आंबट यांपैकी काहीतरी भरपूर घाला, की अन्न टिकते. जैनांच्या नियमातही हेच आहे. ओल असलेली पोळी रात्र उलटली की वासी, अभक्ष्य; पण कडकडीत भाजलेला खाकरा अनेक दिवस चालतो. शास्त्र म्हणा, धर्म म्हणा, त्यांना पाणी कुठे लपते ते नेमके माहीत होते.

त्या दोन दिवसांत भाचीने तुपाची सुखडी खाल्ली का? नाही खाल्ली. आणि कोणी तिला विचारले नाही. मासी डबा उघडत, चिंचेचे थेपले आणि तिळाची वडी वेगळी काढून तिच्यापुढे ठेवत, मग बाकीच्यांना वाढत. नातवाला तिळाचीच वडी जास्त आवडली, तो तिच्या वाट्याची मागू लागला तेव्हा मासींनी त्याच्या हातावर चापट मारली. मी रविवारी जे बोललो होतो ते त्यानंतर मला घोटभर पाण्याबरोबर गिळावे लागले.

तर आता माझे मत. व्हीगन मुलामुलींना आपण घरात जे ऐकवतो, की हे परदेशी खूळ आहे, आपल्या संस्कृतीत दूध-तूप आहे, ते अर्धे खरे आणि अर्धे आळशी आहे. आपल्या संस्कृतीत बोळचोथही आहे. आणि गोव्याच्या स्वयंपाकघराबाबत तर ते अर्धेसुद्धा खरे नाही. आपल्याकडे दुधाचा सुकाळ कधी होता? आपले गोड नारळाच्या रसावर पोसले. नरकचतुर्दशीच्या सकाळी शेजारीपाजारी फिरून जे फोव खाल्ले त्यांत दुधातले आणि ताकातले होते, पण रोसातले आणि गोडाचेही होते, आणि रोसातल्या फोवांवर माणसे तुटून पडत. नागपंचमीच्या पातोळ्या घ्या. तांदूळ, चून, हळदीचे पान. कुठे आले दूध? तवसळी, रोस-शिरवळ्या, नाचणीचे तिजान, मणगणे, पंचखाद्य. आपल्या आज्यांनी 'व्हीगन' हा शब्द ऐकला नाही आणि तो ऐकायची त्यांना गरजही पडली नाही. २०२२ साली सरकारने व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम केले, त्यांच्या पुड्यावर छापायचे वेगळे हिरवे चिन्हही ठरले. चांगले झाले, विकत घेणाऱ्याची फसवणूक टळेल. पण मणगण्याला चिन्ह कुठे चिकटवणार? आणि बदामाच्या पाण्याचा टेट्रापॅक दुधाच्या कितीतरी पट किमतीला आणून त्यात परदेशी ओट भिजवायचे, ते रात्रभर ठेवायचे आणि सकाळी त्याला नवा शोध म्हणायचे, यात मला तरी हसू येते. भिजवलेले फोव आणि रोस याहून वेगळे काय आहे ते?

भाचीलाही मी सोडत नाही. पहिल्या वर्षी तिने घरात वेगळा तवा मागितला. ज्या तव्यावर तुपाची पोळी भाजली त्यावर तिची भाजायची नाही. बहीण रडली होती. असले सोवळे आम्ही देवळाच्या सावलीत पुष्कळ पाहिले आहे. कोणाच्या हातचे चालत नाही, कोणाच्या भांड्यातले चालत नाही, ही यादी एकदा सुरू झाली की ती वासराच्या दयेपाशी थांबत नाही, माणसापर्यंत येते. तो तवा पुढे कधीतरी गंजला आणि नवा आणला गेला नाही, याचा मला आनंद आहे. तिने न खाणे हा तिचा हक्क. तव्याला विटाळ मानणे हा नव्हे. आणि आपण कणभर घे म्हणून आग्रह करणे, हे प्रेम नव्हे. तो आग्रह मी केला आहे म्हणून सांगतो, त्यात माझे ऐक, एवढेच असते.

आदल्या दिवशी करून ठेवण्याच्या बाबतीत माझे मत याहून ठाम आहे. गरम, ताजे, आत्ता तव्यावरून उतरलेले, याचा जो थाट आपण मिरवतो त्यासाठी कोणीतरी तव्यापाशी उभे असावे लागते. आमच्या घरी आजी असे, मग आई, मग माझी बायको. सकाळी साडेपाचला उठून कोणी ताजे करणार नसेल तर शिळे खाण्याला पर्याय नाही, आणि मग शिळे चांगले कसे करावे हा प्रश्न मानाचा ठरतो. रांधण छठीचे मी फार गोडवे गाणार नाही. सातमीला चुलीला विसावा मिळावा म्हणून छठीला मासी आणि त्यांची सून रात्री बारापर्यंत उभ्या होत्या. विसावा देवीला, पाय यांचे दुखले. भाचीच्या घरी रविवारी नारळ खवायला तिचे बाबा बसतात. तेवढा फरक पडला तरी पुष्कळ.

ती आता काय करते ते सांगतो, कारण पुरानंतर तिने आपली पद्धत बदलली. नियम एकच, कोरडे आधी, ओले सकाळी. तिखट फोवांसाठी फोव चाळून, दाणे तळून, फोडणीचे साहित्य एका डबीत भरून ठेवायचे. गोडासाठी गुळाचा पाक वेलची घालून बाटलीत. तो कितीही दिवस राहतो. नारळ खवून लहान लहान पुरचुंड्या करून बर्फाच्या कप्प्यात. सकाळी एक पुरचुंडी गरम पाण्यात सोडायची, मिक्सरमधून काढायची, पिळायची, पाक घालायचा, लाल फोवांवर ओतायचे. पाच मिनिटे. आधी रस काढून ठेवायचा नाही. नारळाचे दूध दुसऱ्या दिवशी फाटते आणि त्याला जो वास येतो तो कोणत्याही वेलचीने जात नाही. मुठियां रविवारी वाफवून घट्ट डब्यात, सकाळी चकत्या करून मोहरी-तिळाची फोडणी. खमण लिंबाच्या फुलावर होते, त्याला ताक लागत नाही. ढोकळ्याला लागते, म्हणून ती डाळ-तांदूळ रात्रभर आंबवून त्याच आंबटपणावर करते. मणगण्यासाठी चण्याची डाळ आणि साबुदाणा वेगवेगळे शिजवून दोन दिवसांपुरते फ्रिजमध्ये, रस आणि गूळ आयत्या वेळी. आणि एक गोष्ट ती कटाक्षाने पाळते, शिजलेला भात रात्रभर बाहेर ठेवत नाही. त्यात काही जंतूंचे विष असे तयार होते की सकाळी खदखदून गरम केले तरी जात नाही. आमच्या पेजेवर वाढलेल्या पिढीला हे पटायला जड जाते, पण ती प्रयोगशाळेत काम करते, मी ऐकतो.

ब-१२ जीवनसत्त्वाचे मात्र औषध स्वयंपाकघरात नाही. वनस्पतींत ते मिळत नाही, नाचणी आणि तीळ कितीही खा. ती गोळी घेते. बहिणीला ही गोळी फार खुपते; जे जेवण गोळीशिवाय पुरत नाही ते जेवण कसले, असे ती म्हणते. मी तिला आठवण करून दिली की तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी आणि माझ्या मधुमेहाच्या दोन, अशा तीन गोळ्या त्याच टेबलावर असतात. ती हसली नाही. आईचे मन आहे, ते असेच राहणार.

यंदा चवथीला भाची गोव्याला येणार आहे. नैवेद्याच्या पानावर तूप असेल आणि तिच्या पानावर नसेल. बायकोने विचारले, मणगण्यावर वरून तूप सोडायचे की नाही. मी म्हणालो, आपल्याकडे कधी सोडत होतो? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, तुमच्याकडे नसतील सोडत, आमच्याकडे डिचोलीला सोडायचे. तेव्हा दोन पातेली होतील असे दिसते. डाळ मी आदल्या रात्री भिजत घालणार आहे. गेल्या दोन खेपांना साबुदाणा जास्त शिजून त्याची खळ झाली होती, या वेळी तो शेवटी घालीन.